पाठमोरा सिगार
काल जिन्यात भाजक्या शेंगांसारखा धुराचा वास आला आणि मी मनानं थेट वालूरला, सासुरवाडीच्या माळवदावर, त्या मातीच्या गच्चीवर जाऊन पोहोचलो. मी तेव्हा नवा जावई, आणि मित्रानं परदेशातून आणलेला एक उंची सिगार सासऱ्यांसाठी नेला होता. जन्मभर बिडी ओढलेल्या सासऱ्यांनी तो हुंगला, बोटांनी दाबून पाहिला आणि म्हणाले, "वढायचं कसं, दाखवा की जावईबापू." मी गडबडलो, कारण आमच्याकडं जावई सासऱ्यासमोर ओढत नाही. त्यांनी जरा विचार केला आणि माझ्याकडं पाठ करून बसले. "आता मला दिसत न्हाई. सांगा." मी सिगार पेटवून एक झुरका घेतला आणि म्हणालो, "मामा, धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडातच घोळवायचा." त्यांनी न वळता हात मागं केला. मी सिगार त्यांच्या बोटांत दिला, त्यांनी झुरका घेऊन तोंडात घोळवला. मग नवलानं म्हणाले, "बिडीवानी टोचत न्हाई. तोंडात कुणी शेंगा भाजायलंय जणू. घ्या, आता तुमी." असाच मागं-पुढं होत तो सिगार संपला. काल त्या वासामागं मी गच्चीवर गेलो, तर माझ्या जावयानं घाईनं हात पाठीमागं लपवला. मी त्याच्याकडं पाठ करून बसलो आणि हात मागं केला.