आक्कांचं रिठ्याचं पाणी

"ईख म्हणतीस व्हय गं ह्याला? ईख?" रिठ्याच्या पाण्याची बाटली नाचवत शेजारच्या आक्का सुनेवर ओरडत होत्या. त्यांचा आवाज चढला की हिंडलग्याच्या तुरुंगातले कैदी हजेरीला उभे राहतात, आणि मी शेजारी असून अजून बहिरा झालेलो नाही, हेच नवल.

सुनेनं विष हा शब्दही काढला नव्हता; विचारलं होतं एवढंच, की रांगतं पोरगं फरशी चाटतं, तर हे पाणी त्याला बाधणार न्हाय ना? आक्का कणकुंबीहून रिठे मागवतात, लिंबाच्या सालींबरोबर उकळतात, त्यानंच घर पुसतात आणि फिनेल वापरणाऱ्या आम्हा सगळ्या गल्लीचा रोज उद्धार करतात.

"फिनेल वततायसा तवा कोण इचारत न्हाय! माझ्याच पाण्याची चौकशी?" असं म्हणून त्यांनी वाटीभर पाणी घटाघटा पिऊन टाकलं. चेहऱ्यावरची एक सुरकुतीही हलली नाही. "बघ! मेले का मी?" म्हणताना मात्र तोंडातून फेसाचा फुगा निघाला आणि माझ्या पेरूच्या झाडावरून पार लष्कराच्या कॅम्पाकडं गेला.

सून हळूच म्हणाली, "आत्ती, मग बाटली हितंच खाली ठेवू?"

आक्कांनी पदरानं तोंड पुसलं.

"वर ठेव. पोराचा हात पोचाय नको."