गडगडलं की प्लग काढ

मी घर सोडलं त्या दिवशी आई चिखलात होती. लावणी चालू होती, आणि विमानतळाला जायची गाडी कार्ला फाट्यावर अकराला येणार होती. हाक मारली तशी ती बांधावरून आली, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात रोपांची मूठ तशीच. माझे नवे कपडे खराब होतील म्हणून तिनं मला जवळ घेतलं नाही. लांबूनच म्हणाली, "आता कवा?" मी म्हणाले, दोन वर्षांनी नक्की. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बॅग डोक्यावर घेतली आणि फाट्यापर्यंत पोचवायला आले. गाडीत बसताना म्हणाले, "रडू नको सुजे, रडलं की गाडी लागती." लागलीच. खंडाळ्याच्या घाटात दोनदा थांबवावी लागली.

त्याला आता नऊ वर्षं झाली. मी आयर्लंडमधल्या कॉर्क नावाच्या शहरात राहते. पाऊस आमच्या मावळासारखाच, फक्त त्यात कुणी भात लावत नाही. नोकरी कसली म्हणाल, तर लोकांच्या घरचं इंटरनेट आणि फोन चालू करून देण्याची. कानाला हेडसेट, समोर दोन स्क्रीन. पलीकडचा माणूस वैतागलेला असतो, नेट बंद, फोन बंद, आणि मी गोड आवाजात विचारते, राउटरच्या डब्याला वीज येतेय का? प्लग नीट बसलाय का? निम्म्या लोकांचा प्लग निघालेला असतो. पूर्वी शिफ्ट संपली की मी आणि माझ्याबरोबरची तेलुगू मुलगी या लोकांवर पोट धरून हसायचो.

घरी जुना तारेचा फोन होता. पावसाळ्यात महिना महिना मुका व्हायचा, पण लाइट गेली म्हणून कधी बंद पडला नाही, कारण त्याची वीज त्याच्या तारेतूनच यायची. मोबाइल होते, नव्हते असं नाही. पण आमचं घर डोंगराच्या पायाशी, आत रेंज नाही. बोलायचं तर ओट्याच्या टोकाला जाऊन उभं राहायचं. आणि आईला काचेवर बोट फिरवणं कधी जमलं नाही. "ह्याला धरायचं कुटं?" म्हणायची. उचलायचा आणि बटण दाबायचं, एवढाच फोन तिला कळतो.

तीन वर्षांपूर्वी वाडीत फायबर आलं आणि मी मुद्दाम रजा काढून गेले. माणूस वायर ओढून गेला, पुढचं सगळं मी केलं. रोज परक्यांना फोनवरून सांगते ते एकदा आपल्या घरात आपल्या हातानं करायचं होतं मला. बुद्धमूर्तीच्या फळीखाली पांढरा डबा बसवला. नेट त्यातून, फोनही त्याच्याच मागे जोडलेला. एक दाबलं की मी, दोन दाबलं की विहिरीपलीकडची सुमनमावशी. आबा रेल्वेच्या सिग्नल खात्यात खलाशी, म्हणजे मदतनीस, होते, सगळी हयात सिग्नल बघण्यात गेलेली. डब्याचे दिवे बघून म्हणाले, "चारी हिरवे. लाइन क्लिअर." आईनं त्याच्यावर विणलेला रुमाल घातला. गरम होईल म्हणून मी काढला. मी निघाल्यावर तिनं परत घातलाच असणार.

त्यानंतरचे सहा महिने फार सुखाचे गेले. रोज फोन. कुणाची म्हैस व्याली, शिरगावच्या बसला किती गर्दी होती, आबांनी चहात पुन्हा साखर कशी चोरली. मला कॉर्कमध्ये कुणी विचारलं असतं तर मी आमच्या वाडीत त्या दिवशी कुणाकडं काय कालवण आहे ते सांगू शकले असते.

मग वैशाखात वळवाच्या विजेनं डबा जळाला. नवा बसायला नऊ दिवस लागले आणि मी इकडं वेडीपिशी झाले. फोन लागल्या लागल्या आईवर चिडले. माणूस लांबून चिडणार तरी कुणावर? म्हटलं, आभाळ गडगडलं की पहिला प्लग काढायचा. हातातलं काम टाकून. काही झालं तरी. "व्हय बाई," ती म्हणाली, "काढते." तिनं आबांकडून ते मोठ्या अक्षरात कागदावर लिहून घेतलं आणि डब्याशेजारी भिंतीला चिकटवलं.

प्लग काढला की फोनही बंद पडतो, हे मी तिला सांगितलं नाही. इतकं साधं आहे ते, तिला कळेलच, असं धरून चालले. कुठून कळणार होतं? तिच्या घरातला फोन लाइटीवाचूनच चालत आलेला. दिवसातून दहा लोकांना मी जे सांगते, ते आईला सांगायचं राहिलं.

त्याच वर्षी आश्विनात कापलेला भात शेतात पडला होता आणि दुपारी एकदम गडगडायला लागलं. आईनं आधी प्लग काढला. मग दोघं ताडपत्री घेऊन पळाले. आमचं शेत ते केवढं, वीस गुंठे, पण घरचा इंद्रायणी भिजलेला आबांना चालत नसे. झाकून परत आल्यावर आबा ओट्यावर बसले, हात छातीवर. आईनं फोन उचलून दोन दाबलं. आवाज नाही. परत दाबलं. शेवटी ती भर पावसात मावशीकडं पळाली. मावशीच्या जावयानं गाडी काढली, पण लोणावळ्याला पोचेपर्यंत आबा गेले होते. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, अर्धा तास आधी आणलं असतं तरी वाचले असते की नाही, सांगता येत नाही. हे 'सांगता येत नाही' मी तेव्हापासून चघळते आहे.

मी तिसऱ्या दिवशी पोचले. आबांचं तोंड बघायला मिळालं नाही. विहारात पुण्यानुमोदनाला लोक आले, आबांच्या नोकरीबद्दल, स्वभावाबद्दल चांगलं बोलले. आई येईल त्याला एकच सांगत होती, "फोन लागला न्हाई. पावसात लाइन गेलती." मी शेजारी बसून मान हलवत होते.

लाइन गेली नव्हती. विमानात बसायच्या आधीच मी मोबाइलवर, फायबर कंपनीच्या ॲपमध्ये, आमच्या डब्याची नोंद पाहिली होती. डबा कधी बंद झाला, कधी चालू झाला, सगळं दिसतं तिथं. दुपारी तीनच्या पुढं बंद, पाऊण तासानं परत चालू. मावशीकडं त्या वेळी टीव्ही लागलेला होता, म्हणजे लाइटही होती. प्लग काढलेला होता, माझ्या शब्दाखातर. परत कुणी लावला याचा मी विचारच केला नाही. आल्या-गेल्यापैकी कुणीतरी असेल, एवढंच वाटलं.

मी गप्प बसले. आईला कळलं तर ती जन्मभर स्वतःला खात बसेल, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी भ्याले होते. आता कामावर प्लगचं विचारायची वेळ आली की मी तो प्रश्न सोडून पुढचा विचारते. तेलुगू मैत्रीण विचारते, विसरलीस का. मी हो म्हणते.

तुमच्यातले जे माझ्यासारखे लांब गेलेत, त्यांना वेगळं सांगायला नको. आपण आईबापांना फोन देतो, डबा देतो, कॅमेरे लावतो, आणि इकडं बसून हुकूम सोडतो. ते बिचारे आपला शब्द मोडत नाहीत. आपण पोरं असताना त्यांचा किती ऐकला होता?

आईला म्हटलं, माझ्याकडं चल. "तितं माझं काय?" म्हणाली, आणि विषय संपला. ती वाडीत एकटी राहिली आणि गडगडलं की प्लग काढत राहिली. मी ऑफिसात बसून नोंद बघायची आणि नंतर फोनवर आईला म्हणायची, आज गडगडलं ना, डबा बंद होता. डबा बंद दिसला की समजायचं, मावळात आभाळ भरून आलंय आणि माझी आई घरात फोनवाचून एकटी बसलीय. अशी दोन वर्षं काढली. नको काढूस म्हणावं, तर का ते सांगावं लागणार होतं.

यंदा दिवाळीनंतर गेले ती एक छोटी बॅटरी घेऊन. ती मध्ये जोडली की भिंतीतला प्लग काढला तरी डबा चार तास चालतो, फोनही चालतो. पण एवढं समजावायचं तरी बाकीचं सांगणं आलंच. दोन दिवस बॅटरी पिशवीतच राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी आई तांदूळ निवडत होती, तिच्यासमोर बसले आणि सगळं बोलून टाकलं.

तिचा हात थांबला नाही. "मला म्हाईत हाय," म्हणाली.

"त्याच दिवशी कळलं. मावशीकडं निघाले आन् दारातच ध्यानात आलं, डब्याला दिवा न्हाई. मागं फिरले, प्लग लावला. एकेक दिवा लागाया लागला, पर लय टाइम लागला. फोन काय बोलंना. मग पळाले."

सगळे दिवे लागायला तीन मिनिटं लागतात. मला माहीत आहे. ती त्यातली किती मिनिटं तिथं उभी होती, ते मी विचारलं नाही.

"मग लाइन गेलती असं का सांगत राहिलीस सगळ्यांना?"

"तुझ्यापायी. काढायला तू सांगितलंतंस. तुला कळलं असतं तर तितं परमुलखात एकटीनं काय केलं असतंस?"

"आणि त्याच्यानंतर? फोन बंद होतो हे कळल्यावरही काढत होतीस की."

"तू बघतीस न्हवं तिकडनं. काढायचं सोडलं असतं तर इचारलं असतंस, का म्हणून."

मला रडू आवरेना. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि माझं डोकं मांडीवर घेतलं. म्हणाली, "तू सांगितलंस, म्या काढला, आन् त्यांनी सकाळपास्नं दुखत हुतं ते बोलून दाखवलं न्हाई. तिघांचं मिळून झालं ते. तू एकटीनं घेऊ नको."

थोड्या वेळानं मी विचारलं, गडगडताना तशी बसायचीस, भीती नाही वाटायची?

"वाटायची की. मग मोठ्यानं पंचशील म्हणायचे."

बॅटरी जोडून मी परत आले. इथं लोक विचारतात, घर कुठलं तुझं? पूर्वी मी कार्ला सांगायचे, लोणावळा सांगायचे, नकाशा काढून दाखवायचे. आता ते नाव सांगताना डोळ्यांपुढं गाव येत नाही. मला काही कळू नये म्हणून भर गडगडाटात फोन बंद करून एकटी बसलेली माझी आई येते.