एकाच कानाचं बहिरेपण

“अकूस्टिक न्यूरोमा,” पेणच्या कानाच्या डॉक्टरीणबाई एमआरआयची फिल्म उजेडाला धरून म्हणाल्या. मग माझ्या उजव्या, चालू बाजूला खुर्ची ओढून त्यांनी समजावलं. ऐकण्याच्या नसेवर वाढलेली गाठ. कॅन्सर नव्हे, पण मेंदूला टेकलेली.

“डावा कान जाऊन इतकी वर्षं झाली, दाखवलं का नाही?”

“धाटावच्या कारखान्यात कंप्रेसरवर आहे. तिथं कान जातातच.”

“आवाजानं जातात ते सहसा दोन्ही जातात. कंपनी एकच कान निवडत नाही.”

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे बहिरेपण नोकरीबरोबरच येतं. जुने ऑपरेटर ओरडून बोलतात, आणि नवा माणूस ओरडायला लागला की तो मुरला असं समजतात. कंपनीच्या डॉक्टरांनी दरवर्षी तपासून “चालायचंच” म्हटलं. मीही चालू दिलं.

नंतर चालताना तोल जाऊ लागला. रोह्याच्या एसटी स्टँडवर भेलकांडलो, तेव्हा मेव्हण्यानं दंड धरून विचारलं, “दाजी, सकालीच?” दारू न पिता मिळालेली ती बदनामीच मला डॉक्टरकडे घेऊन गेली.

मुंबईच्या सर्जनांनी आडपडदा ठेवला नाही. कानामागून कवटी उघडायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली गाठ सोलून काढायची, याला मायक्रोसर्जरी म्हणतात. “कान परत येणार नाही. चेहरा हलवणारी नस गाठीला चिकटली आहे. गाठ लहान असती तर ती वाचवणं सोपं होतं.”

बाहेर बाकावर बायको म्हणाली, “तोंड वाकडं झालं तर होऊं दे. आधी तरी तुमी कुठं हिरो व्हता?” आणि पदर तोंडाला लावून रडली.

गाठ निघाली, नस वाचली नाही. डावा डोळा मिटत नाही, रात्री चिकटपट्टी लावून झोपतो. चहा डाव्या कोपऱ्यातून गळतो. सर्जनांचे आणि त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार मी मानतो. बाकीच्यांसाठी माझ्याकडे आता अर्धंच हसू उरलंय.

कामावर परतलो तो सुरक्षा सप्ताह होता. साहेबांनी शाल घातली, “मृत्यूवर मात करणारा आमचा योद्धा” म्हणाले आणि पुष्पगुच्छासह माझा फोटो काढून घेतला, चांगल्या बाजूनं. आभाराचे दोन शब्द बोला म्हणून माइक हातात दिला.

मी विचारलं, “इथं कुणाकुणाचा एकच कान गेलाय?”

लोक हसले. साहेब घड्याळ बघू लागले. मागच्या रांगेतून बॉयलरवरच्या म्हात्रेनं बिचकत हात वर केला. “माझा, उजवा. पण त्याला काय व्हतंय? चालतंय की.”

“नाय चालत,” मी माइकवरच म्हणालो. “उद्या शिफ्ट सोड. माझ्याबरोबर पेणला यायचंय.”