भिऊ नको माय

टांगलेल्या कुंडीला पाणी घालताना तिचा अंबाडीचा दोर भिजला आणि त्या वासानं मला लातूरजवळच्या आमच्या विहिरीत नेलं. जिल्हा नवा झाला होता, विहीर मात्र आटलेली. तळाच्या झऱ्याचं पाणी वाटीनं घागरीत भरायला हलकं लेकरू लागायचं. वडलांनी माझ्या कमरेला दोर बांधून मला खाली सोडलं. अंधार लागताच मी रडले.

“भिऊ नको माय, मी हाय की,” ते वरून म्हणाले.

आमच्याकडं धाकल्या लेकीलाही मायच म्हणतात. पुण्यात मी मॅडम झाले, मग आजी. परवा ऑपरेशनला नेताना सगळ्यांनी छान धीर दिला. मी मात्र वरून येणाऱ्या त्या एका शब्दाची वाट पाहत पडले होते.