उसनी जीभ

हॅदरशॉमध्ये कुणाच्या घरी चहाला गेलात आणि पुढ्यात दगडासारखा केक आला, तर तो मुकाट्यानं खायचा, "छान झालाय हं" म्हणायचं, आणि पुन्हा त्या घरी चहाला जायचं नाही. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या या यॉर्कशरची माणसं फटकळ म्हणून नावाजलेली. असतीलही, पण बाकी सगळ्या बाबतीत. चहाच्या टेबलावर त्यांचं तोंड शिवलेलं असतं. तिथं "छान" म्हणजे विषय संपला. थेल्मा सग्डेनचा जन्म याच गावातला, त्यामुळे असलं तोंडदेखलं "छान" तिला नुसत्या आवाजावरून कळायचं आणि तिच्या डोक्यात तिडीक जायची.

तिचं लग्नाआधीचं आणि नंतरचंही सगळं आयुष्य लोकरीच्या गिरणीत गेलं. विणून आलेलं कापड टेबलावर पसरायचं, हातानं चाचपून गाठी नि तुटके धागे शोधायचे आणि सुईनं ते बुजवायचे, हे तिचं काम. दिवसभर दुसऱ्याच्या चुका शोधणाऱ्या बाईला घरी गेल्यावर आपल्या चुका सांगणारं कुणीतरी हवं असतं. नवरा हॅरल्ड बस चालवायचा. त्याच्यापुढे काहीही ठेवलं तरी पोट भरलं की नाही एवढंच तो सांगायचा. थेल्मा शनिवारी भट्टी लावायची, स्पंज केक करायची, लिंबाचे टार्ट करायची, आणि तो सगळ्यावर एकच शेरा मारून पेपर उघडायचा. माणूस चांगला होता, पण केकच्या बाबतीत अगदी ढ.

ऑलिव्ह क्राउदर तिच्या आयुष्यात आली ती चर्चच्या मदतीसाठी घरचे पदार्थ विकायला मांडतात त्या दिवशी. ऑलिव्ह बँक मॅनेजरची बायको, टेकडीवरच्या घरात राहणारी, हातमोजे घालून फिरणारी. तिनं थेल्माचा बन उचलला, एक घास खाल्ला आणि चारचौघांत म्हणाली, "तळाला ओला राहिलाय." बाया चपापल्या. पाद्रीसाहेबांनी छताकडे पाहिलं. थेल्माचे कान लाल झाले. तिनं दुसरा बन उचलून उलटा केला, बोटानं दाबून पाहिला. खरंच ओला होता. "भट्टीतली जाळी खाली लावायला हवी होती," ती म्हणाली. "वरची लावलीस होय? मग बरोबर," ऑलिव्ह म्हणाली. एवढ्या बोलण्यावर त्या दोघींची मैत्री झाली, आणि गावाला शेवटपर्यंत कळलं नाही की गिरणीतल्या बाईचं आणि बँकवाल्याच्या बायकोचं एवढं जमतं तरी कशावर.

पुढे दोघींचेही नवरे गेले आणि बुधवार त्यांचा ठरून गेला. ऑलिव्ह गाडी काढायची. आसपासचं एकही चहाघर, एकही जुनं हॉटेल त्यांनी सोडलं नाही. तीनमजली थाळी पुढ्यात यायची. खाली सँडविच, मध्ये स्कोन, म्हणजे लोणी घातलेले छोटे गोल पाव, वर केक. दोघी गप्प बसून मन लावून खायच्या. टेबलावर वाढणारी पोरगी येऊन सगळं ठीक आहे ना विचारायची, आणि दोघी एका सुरात छान आहे म्हणायच्या, कारण त्या पोरीचा काय दोष. पण गाडीत बसून दार लावलं की चिरफाड सुरू. काकडीचं पाणी पावात उतरलंय. स्कोन एका बाजूला कलंडलेत, म्हणजे साचा पिळून काढलाय, सरळ दाबलेला नाही. स्पंजच्या माथ्यावर जाळीचे वळ उठलेत, जॅम बाटलीतला, आणि चहा म्हणजे किटलीत दोरीला लटकवलेली पुडी. हे सगळं वाईट असायचंच असं नाही. एखाद्या ठिकाणी खरोखर हलका, लोण्याचा वास दरवळणारा स्कोन मिळाला की दोघी गाडीत बसून नुसत्या सुस्कारे टाकायच्या. हसून हसून थेल्माचं पोट दुखायचं. इतकं हसणं तिच्या संसारातही झालं नव्हतं.

एकमेकींचं केलेलंही त्या असंच तपासायच्या. ऑलिव्हचा हात मिठाला आखडता, हे थेल्मानं तिला कितीदा तरी सुनावलं होतं. थेल्मा घाई करते, पीठ मुरू देत नाही, हे ऑलिव्ह सुनवायची. "छान" हा शब्द दोघींत वर्ज्य होता. तो परक्यांसाठी.

मग एका हिवाळ्यात थेल्माला फ्लूनं धरलं. ताप उतरला, खोकला गेला, पण नाक परत आलं नाही आणि जीभही नाही. पहिल्याच बुधवारी तिनं लिंबाचं टार्ट तोंडात घातलं आणि तिला खडू चावल्यासारखं वाटलं. डॉक्टर म्हणाले, येईल परत, न येईलही. वसंत आला, उन्हाळा आला, चव काही आली नाही. तिनं हे कुणालाच सांगितलं नाही. गावात सांगावं तर लोक हळहळणार आणि चर्चच्या चहाला केक करून द्यायचं तिचं काम हळूच दुसऱ्या कुणाला तरी देणार. पोटचा मुलगा कॅनडात, त्याला सांगून तो काय करणार. तिनं फक्त ऑलिव्हला सांगितलं, गाडीत, दार लावल्यावर.

"आता तूच माझी जीभ," थेल्मा म्हणाली. "मी करत राहीन, तू सांगत राहायचं. आणि जमेनासं झालं तर तेही तूच सांगायचं. दुसऱ्या कुणाकडून मला कळता कामा नये."

"मी कधी सांगितलं नाही असं झालंय का?" ऑलिव्ह म्हणाली आणि तिनं गाडी सुरू केली.

सुरुवातीला ऑलिव्हनं शब्द पाळला. जायफळ जास्त झालंय, लोणी जुनं आहे, साखर थोडी वाढव. थेल्मा घड्याळ लावून भाजायची, वजन दोनदा करायची आणि ऑलिव्हच्या तोंडाकडे बघत बसायची. पण बिनचवीची बाई किती दिवस नुसत्या वजनावर करणार? तिचा हात हळूहळू सैल सुटला. काहीतरी लागावं, जिभेला निदान चटका तरी बसावा म्हणून ती सुंठ चिमूटभर जास्त घालू लागली, काकवी एक पळी जास्त. आणि ऑलिव्हची वाक्यं आखूड होत गेली. उन्हाळा संपता संपता ती म्हणाली, "छान झालंय." तो परक्यांसाठीचा शब्द थेल्माला ओळखू आला. पण तिनं मनाची समजूत घातली की खरंच चांगलं झालं असेल, माणूस कधीतरी चांगलंही म्हणतंच की. ज्याला ऐकायचं असतं तो असाच फसतो, त्याला कुणी फसवावं लागत नाही.

नोव्हेंबरात शेकोटीची रात्र आली की चर्चच्या मागच्या पटांगणात सगळं गाव जमतं, आणि त्या रात्री पार्किन खायचं असतं. ओट्स, सुंठ आणि काळी काकवी घातलेला हा जड, काळा केक डब्यात आठवडाभर मुरवला की चिकट होतो. हॅदरशॉच्या शेकोटीचं पार्किन थेल्माचं. तिच्या आईचं होतं, मग तिचं झालं. गावात तिची ओळखच ती, बाकी तिला कोण विचारत होतं? त्या वर्षी शेकोटीच्या आधी तिनं एक ताट करून पाहायचं ठरवलं आणि ऑलिव्हला घरी चहाला बोलावलं.

ऑलिव्ह एकटी आली नाही. तिच्याबरोबर रोझलिंड नावाची बाई होती. दक्षिणेकडची, निवृत्त मुख्याध्यापिका, नुकतीच टेकडीवर घर घेऊन राहायला आलेली. तिलाही बेकिंगचा भारी नाद आहे, ऑलिव्ह म्हणाली, गेले दोन-तीन बुधवार आम्ही जरा इकडे तिकडे जाऊन आलो. ते बुधवार ऑलिव्हनं गुडघा दुखतोय म्हणून रद्द केले होते. थेल्मानं ते ऐकून घेतलं आणि तिसरा कप मांडला.

चहा नीट झाला. सँडविचच्या कडा कापलेल्या, स्कोन सरळ उभे. रोझलिंडनं स्कोनच्या कडेवरून बोट फिरवून पाहिलं तेव्हा थेल्माला मनातून बरं वाटलं, बाई जाणती दिसतेय. मग तिनं पार्किनचे चौकोन कापून दोघींना दिले आणि गरम पाणी आणायला आत गेली.

तिच्या घरात स्वयंपाकघर आणि बसायची खोली यांच्यामधल्या भिंतीत ताटं सरकवायची एक झडप होती. झडप नीट लागत नसे. किटलीचा आवाज थांबला आणि पलीकडचं बोलणं कानावर पडलं.

"कडू जहर आहे गं," ऑलिव्ह हळूच म्हणत होती. "काकवी नुसती डांबर झालीय. आणि सोडा किती घातलाय, तोंड साबणानं धुतल्यासारखं झालं."

"तू तर म्हणालीस हिच्यासारखं पार्किन कुणाचं नाही."

"नव्हतंच. आता चव गेलीय तिची. कुणाला बोलू नकोस. मागचा लिंबाचा केक मी नदीवरच्या बदकांना घातला, तर बदकंसुद्धा बघून फिरली." दोघी तोंड दाबून हसल्या.

"मग तिला सांगत का नाहीस?"

"सांगून काय उपयोग? बिचारी. तेवढंच आहे तिच्याकडे."

थेल्मा हातात किटली धरून उभी राहिली. कडू म्हटल्याचं तिला काही वाटलं नाही. उलट पहिल्या क्षणी तिला बरंच वाटलं, किती महिन्यांनी कुणीतरी नीट बोललं होतं. काकवी जास्त, सोडा जास्त, हे दुरुस्त करता आलं असतं. पण ते हसणं तिच्या जिवाला लागलं. गाडीत दार लावून दोघी हसायच्या ते हेच हसणं होतं. आता गाडीत दुसरी बाई बसत होती आणि थेल्मा कुठल्यातरी चहाघरातली वाढणारी पोरगी झाली होती, जिच्या तोंडावर खरं बोलायचं नसतं. आणि "बिचारी" हा शब्द तर तिनं मेलेल्या माणसांसाठी राखून ठेवला होता.

ती बाहेर आली. तिनं किटलीतलं पाणी चहादाणीत ओतलं, खुर्चीत बसली आणि सरळ ऑलिव्हकडे पाहिलं. अजून वेळ होता. ऑलिव्हनं नुसती नकारार्थी मान हलवली असती तरी तिनं सगळं माफ केलं असतं, बदकंसुद्धा.

"शेकोटीला असंच करू?" थेल्मानं विचारलं. "सगळं गाव खाणार आहे. नीट सांग."

ऑलिव्हनं कपाकडे पाहिलं. "असंच कर," ती म्हणाली. "अगदी असंच."

"काकवी?"

"बेताची आहे. छान झालंय, थेल्मा."

रोझलिंड खिडकीबाहेर बघू लागली. थेल्मानं सुरी उचलली आणि ताटातून चांगला तळहाताएवढा तुकडा कापून ऑलिव्हच्या बशीत ठेवला. "मग आणखी घे," ती म्हणाली. छान म्हटलेलं नाकारता येत नाही, ते इथल्या रीतीत बसत नाही. ऑलिव्हनं काटा उचलला. थेल्मा तिच्या गळ्याकडे बघत राहिली. घास चावला जायचा, क्षणभर तोंडातच थांबायचा, मग गळा हलायचा. मध्येमध्ये चहाचा घोट. थेल्माला वाटत होतं, आता ठेवेल, आता म्हणेल की पुरे झालं गं, खाववत नाही. बशी रिकामी झाली. ऑलिव्हनं बशीतला चुरासुद्धा बोटानं टिपून खाल्ला.

"झडप लागत नाही माझी," थेल्मा म्हणाली. "बरेच दिवस झाले."

ऑलिव्ह मानेपासून केसांपर्यंत लाल झाली. हातमोजे तिनं काढून मांडीवर ठेवले होते आणि ते ती दोन्ही हातांनी पिळत होती. मग तिनं चहादाणीला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "चहा गार झाला वाटतं. तुला ओतू का?"

"ओत," थेल्मा म्हणाली.

त्या गेल्यावर थेल्मानं टेबल आवरलं. शेकोटीचं पार्किन या वर्षी बाजारातून आणा, असं तिनं पाद्रीसाहेबांना फोन करून सांगितलं. त्यांनी फार हळहळ व्यक्त केली आणि कारण विचारलं नाही. त्यांच्या त्या न विचारण्यातच तिला कळलं की त्यांनाही ठाऊक होतं, बहुधा सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि सगळं गाव महिनोन्‌महिने गिळत होतं.

ताटात एक चौकोन उरला होता. तिनं तो हातानंच उचलला आणि उभ्या उभ्या, सावकाश, डोळे मिटून चावला. गोड नाही, कडू नाही, काहीच नाही. ते कडू होतं हे तिला ठाऊक होतं, पण ठाऊक होतं ते ऑलिव्हनं दुसऱ्या बाईला सांगितलं म्हणून.