आधी ओहम, मग आवाज

रशीदभाई म्हणतो, गाडी उघडून परत जोडली की एक तरी स्क्रू उरतोच. माझा अनुभव असा की स्क्रूबरोबर एक किस्साही उरतो. स्क्रू तो डब्यात टाकतो, किस्से माझ्याकडे साठतात. मेहकरच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आणि भिंतीला भिंत लागून त्याचं गाड्यांच्या साउंड सिस्टीमचं. माझी अर्धी गिऱ्हाइकं 'भाई अठी नाई काय?' विचारायलाच येतात!

*

एकदा सोयाबीनचे एक व्यापारी नवाकोरा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आले. डब्यावर मोठ्या अक्षरात 'पाच हजार वॅट'. म्हणाले, "याच्या तोलामोलाचा वूफर द्या भाई, पैशाचं पाहू नका."

रशीदभाईनं डब्याकडे पाहिलंच नाही. अ‍ॅम्प्लिफायर उलटा करून फ्यूज पाहिला. "शेठ, फ्यूज तीसचा. गाडीत व्होल्ट बारा. तीस गुणिले बारा करा."

शेठनं मोबाइल काढून हिशेब केला. तीनशे साठ! "मंग बाकीचे चार हजार सहाशे चाळीस कोठी गेले?"

"ते डब्यावर छापेल हायेत ना! डबा घरी घेऊन जा, शोकेसमंधी ठेवा."

त्यानंतर भाईनं माझ्याकडून एक पाटी छापून घेतली : 'वॅट विचारू नये. ओहम विचारावे.' ओहम काय असतं हे विचारायला लोक माझ्या दुकानात येऊ लागले. माझं डोकं उठलं.

*

ओहम मला समजलं ते सिद्धार्थमुळे. हा डोणगावचा, मेहकर ते डोणगाव जीप चालवतो. त्याचे वडील काशिनाथबाबा एकेकाळी भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचे. गेल्या काही वर्षांत त्यांचे कान पार गेले. मशीन लावून झालं, बाबांनी ते कपाटात ठेवून दिलं. सिद्धार्थनं मात्र मनाशी धरलं की बाबांना त्यांची ढोलकी एकदा तरी ऐकवायचीच. "कानानं नाई तं हाडानं ऐकतीन! सीट हालली पाहिजे, बस."

त्यानं दोन वूफर आणले, एक अ‍ॅम्प्लिफायर आणला, आणि कुणाला न विचारता घरीच जोडले. पाच मिनिटं वाजलं आणि बंद पडलं. थंड झालं की परत पाच मिनिटं. शेवटी हा गडी जीप घेऊन आला, तेव्हा अ‍ॅम्प्लिफायरवर ओल्या रुमालाची घडी ठेवलेली!

रशीदभाईनं रुमाल उचलला. "ताप उतरला काय?"

"नाई ना भाई. काऊन तापून राह्यला?"

"एका मोटरीवर चार पाइप सोडले तू. दोन वूफर, एकेकात दोन कॉइल, कॉइल चार ओहमची. चारही सोबत जोडल्या तं एक ओहम राह्यते. हा बिचारा दोनच्या खाली झेपत नाई. मोटर तापंन नाई तं काय होईन बे?"

मग त्यानं एकेका वूफरच्या दोन कॉइल एकापुढे एक जोडल्या, मीटर लावला, समाधानानं मान हलवली. ओहम म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, तो कमी पडला की अ‍ॅम्प्लिफायरवर ओझं वाढतं, हे मला त्या दिवशी पाइपावरून कळलं.

*

आता माझी फजिती. एका शुक्रवारी भाई नमाजाला गेला आणि दुकान माझ्या भरवशावर. एक गिऱ्हाईक आलं, कालच बसवून नेलेला वूफर कमी वाजतो म्हणे. अ‍ॅम्प्लिफायरवर एक छोटी घुंडी दिसली, खाली 'गेन' लिहिलेलं. मी ती स्क्रूड्रायव्हरनं शेवटपर्यंत फिरवली. काय आवाज निघाला! गिऱ्हाईक खूश, मी त्याहून खूश. मग आवाज फाटायला लागला, आम्हाला वाटलं हाच तो खरा बेस. मग एकदम शांतता आणि जळका वास.

रशीदभाई परतला, दारातच थांबला, नाक वर केलं. "कोन मेलं?"

गेन म्हणजे आवाज वाढवायची घुंडी नव्हे, हे त्यानं मला पूर्ण अर्धा तास ऐकवलं. दुसऱ्या दिवशी माझ्याच दुकानात, माझ्याच कागदावर पाटी निघाली : 'गेनला हात लावू नये'. मराठी, हिंदी आणि उर्दू अशा तिन्ही भाषांत. खाली बारीक अक्षरात, 'शेजाऱ्यानेही'.

*

सिद्धार्थचं काम मात्र होईना. ओहम जुळले, ताप गेला, गेन भाईनं स्वतः लावला. बाबांना सीटवर बसवलं की ते तळवा सीटवर ठेवायचे, वाट बघायचे आणि मान हलवायचे. "काईच नाई." सिद्धार्थचा चेहरा बघवत नसे. दुसरा कुणी असता तर सोडून दिलं असतं. हा तिसऱ्यांदा आला.

"वूफर बदलू काय?" सिद्धार्थनं विचारलं.

"खबरदार!" रशीदभाईनं घड्याळातला पेन्सिल सेल काढला आणि पहिल्या वूफरच्या तारांना टेकवला. पडदा पुढे आला. दुसऱ्याला टेकवला. पडदा आत गेला!

"एक ये म्हनते, दुसरा जा म्हनते. दोघं एकमेकाचा आवाज खाऊन राह्यले!"

"म्हंजे आमचे बाबा अन् नामदेवबुवा," सिद्धार्थ म्हणाला.

नामदेवबुवा सुलतानपूरचे, त्याच पार्टीतले पेटीवाले. दोघांची जोडी आसपासच्या गावांत प्रसिद्ध होती. सुलतानपूरच्या जयंतीला एक गाणं कॅसेटवर भरलं जात होतं आणि ऐन रंगात ताल विस्कटला. लोक हसले. बाबा म्हणाले, पेटी चुकली. बुवा म्हणाले, ढोलकी चुकली. तेव्हापासून बोलणं बंद, पार्टी बंद. वीस वर्षं झाली.

"पन उलटी तार जोडली कोनं?" मी विचारलं.

ते कनेक्शन रशीदभाईच्याच हातचं होतं. त्या दिवशी त्यानं चहाही घेतला नाही, तार सुलटी केली आणि सगळं पहिल्यापासून परत मोजलं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप स्टँडवर लागलेली होती. मागं डोणगावचे पॅसेंजर बसलेले, पुढच्या सीटवर काशिनाथबाबा. तीच सुलतानपूरची कॅसेट मी पेनड्राइव्हवर भरून दिली होती, कारण बाबांची ढोलकी दुसरीकडे कुठंच राहिलेली नव्हती. भांडणानंतर रागापायी बाबांनी ती कधी ऐकलीच नव्हती. वूफरमधून फक्त खर्ज येतो. गाणं नाही, पेटी नाही, फक्त ढोलकीच्या डाव्या हाताचा ठोका.

सिद्धार्थनं सुरू केलं. सीट थरथरली. बाबांनी दचकून दोन्ही तळवे सीटवर टेकवले आणि हळूहळू त्यांची बोटं चालायला लागली. सिद्धार्थ स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडत होता. माझंही काही खरं नव्हतं. रशीदभाई उगीचच मीटरच्या तारा गुंडाळत होता.

तेवढ्यात बाबांची बोटं थांबली. कपाळाला आठी पडली.

"मांगं घे."

सिद्धार्थनं गाणं मागं घेतलं. बाबांनी डोळे मिटले. त्याच जागी बोटं परत थांबली.

"अजून एक डाव."

तिसऱ्या वेळेला त्यांनी डोळे उघडले. आपला डावा हात उलटासुलटा करून पाहिला. मग टोपी नीट केली.

"सिद्धार्था, गाडी सुलतानपूरले घे."

सुलतानपूर एका बाजूला, डोणगाव दुसऱ्या. सिद्धार्थनं डोळे पुसत हातानंच मागच्या पॅसेंजरांकडे खूण केली. सात माणसं, दोन पोती, एक शिलाई मशीन.

बाबांनी मागं वळून सगळ्यांकडे पाहिलं.

"त्याईलेबी घे!"