निळ्या दिव्याखालचं लेकरू

भैरवी सिस्टरले पांढरकवड्यात सारे दोरीवाली सिस्टर म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागं. मी विमल, तिच्याच दवाखान्यातली नर्स, वयानं तिच्यापेक्षा मोठी. मी म्हणते, म्हणा बाप्पा काय म्हणायचं ते. लेकराले कावीळ झाली की तिच्याच दारात याल.

जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत बरीच लेकरं पिवळी पडतात. कोणाची कावीळ आपोआप उतरते, कोणाची चढत जाते. चढली तर डोळ्यावर पट्टी बांधून लेकराले निळ्या दिव्याखाली निजवतो. लोकांले हे पटतच नाही. औषध नाही, सुई नाही, नुसता दिवा! मंग भैरवी खाटेच्या दांडीले दोरी बांधते अन् हलवून दाखवते. हळू हलवली की लांब-लांब लाटा, भरभर हलवली की आखूड, जवळ-जवळ. "उजेडबी असाच लाटांचा असते. लाट किती लांब, त्यावरून रंग ठरते. तांबड्याची लांब, पिवळ्याची त्याहून कमी, निळ्याची आखूड. अन् लाट किती उंच उठते, त्यावरून उजेडाचा जोर."

सांगताना ती समोरच्याकडं पाहत नाही, दाराकडं पाहते. आधी मले वाटे, डोकं फिरलं पोरीचं.

खरं कारण मले मागून कळलं. घाटंजीकडची एक तान्ही पोर होती, गौरी, अशीच पिवळी पडलेली. पाचवीची पूजा घरीच झाली पाहिजे म्हणून घरच्यांनी तिले दिव्याखालून उचलून याच दारातून नेलं. सटवाई नशीब लिहाले घरी येते, दवाखान्यात कशी येईन, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी गौरीच्या आईचा फोन आला. "सिस्टर, काळजी नका करू. तुमच्यापेक्षा मोठा बल्ब लावला. पिवळाधम्म उजेड पडून राह्यला." भैरवीच्या हातात तेव्हा दुसरं लेकरू होतं. ती म्हणाली, "बरं." एवढंच. गौरीले परत आणलं तेव्हा कावीळ मेंदूत चढली होती, अंग कमानीसारखं मागं वाकलं होतं. जगली पोर, पण कानानं गेली.

तेव्हापासून ते 'बरं' भैरवीच्या मानगुटीवर बसलं आहे. जेवताना घास हातातच राहते. कोणाच्या घरी पिवळा बल्ब दिसला की उंबरठ्यावरून माघारी फिरते. म्हणते, "विमलताई, त्या उजेडात मले ते लेकरू दिसते." मी चिडते तिच्यावर. अवं, डॉक्टर होते, घरचे होते, सारा भार तुह्याच डोक्यावर कायले? पण ऐकते कोण!

परवा मुकुटबनचे सदाशिवराव आले. त्यांची लेक अर्पिता बाळंतपणाले माहेरी आलती, तिचं लेकरू निळ्या दिव्याखाली होतं. घरची कापसाची मोठी शेती, माणूस हुकूम सोडणारा. उभ्याउभ्याच म्हणाले, "उद्या पाचवी आहे. आम्ही घरी नेतो."

भैरवीचा चेहरा उतरला. "काकाजी, कावीळ अजून चढून राह्यली."

"दिवाच पाहिजे ना? खळ्यावरचा हॅलोजन लावतो. तुमचा तर टिमटिम करते."

"चार हॅलोजन लावा!" तिनं खाटेले बांधलेली दोरी जोरात उडवली. "लाट उंच होईन, आखूड नाही होणार. कातडीतलं पिवळं फोडाले ही आखूड निळी लाटच लागते. तुमच्या हॅलोजननं लेकरू भाजन, कावीळ नाही उतरणार."

"मंग हा निळाबी एवढा मंद कायले ठेवला?" म्हातारा काही कच्चा नव्हता.

लेकराले पाहताना वर सरकवलेला दिवा तिनं परत खाली ओढला, मशीनले ठरवून दिलेल्या अंतरापर्यंत. "रंग बरोबर असून भागत नाही, जोरबी लागते. म्हणून जवळ घेतो. दोन्ही जमले तरच काम होते."

सदाशिवराव ऐकेनात. पिशव्या भरा म्हणाले. अर्पितानं लेकराच्या पट्टीले हात घातला, तशी भैरवीनं तिचा हात धरला. अन् जे माह्याशिवाय कोणाजवळ बोलली नव्हती, ते सारं बोलली. गौरी, तो बल्ब, तो फोन. मंग म्हणाली, "तेव्हा मी 'बरं' म्हटलं. आज नाही म्हणणार. पूजा इथंच करा काकाजी. पाटा-वरवंटा मी आणून देते."

अर्पितानं हात मागं घेतला न बापाकडं पाहिलं. सदाशिवराव मले हळूच विचारतात, "सटवाई इथं येईन काय हो बाई?"

मी तडकलीच. "तिले मुलुखातली सारी लेकरं सापडतात, न एवढा दवाखाना नाही सापडणार?"

पाचवी मागच्या आवारात झाली. बाहेर तेलाचा दिवा, आत निळ्या उजेडात लेकरू. भैरवी खाटेपासून हलली नाही.

दोन दिवसांनी कावीळ उतरली. सदाशिवराव पेढे वाटत फिरून राह्यले होते. मी तिच्यासाठी दोन घेतले न आत गेली. निळा दिवा बंद होता. लेकराच्या डोक्यामागं उभी राहून तिनं टाळी वाजवली. लेकरू दचकलं. तिनं पुन्हा वाजवली. पुन्हा. लेकरू भोकाड पसरून रडाले लागलं, तरी तिचे हात थांबेनात. शेवटी मी ते धरले.

"बस कर वं माय! ऐकू येते त्याले!"

"हो, येते," ती म्हणाली, न माह्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडली. "गौरी तीन-चार महिन्यांची होती तेव्हा तिच्याबी मागं मी अशीच उभी होती, विमलताई. हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. ती आपली छताकडं पाहून हसत राह्यली."